पडदा, कॅमेरा आणि न जुळलेला ताल

मागे फुगीर नळी असलेला जुना टीव्ही चालू करून त्याचं मोबाइलवर चित्रीकरण केलं, तर समोर बसलेल्या माणसाला स्वच्छ, स्थिर दिसणारं चित्र मोबाइलमध्ये थरथरू लागतं. त्यावरून एक काळा किंवा पांढुरका आडवा पट्टा सरकत राहतो. टीव्ही बिघडलेला नसतो आणि कॅमेराही ठीक असतो. हा पट्टा म्हणजे जवळपास शंभर वर्षांपूर्वी दोन वेगळ्या धंद्यांतल्या माणसांनी घेतलेल्या दोन निर्णयांची टक्कर आहे. सिनेमावाल्यांनी सेकंदाला २४ चित्रं ठरवली ती आवाजासाठी. टीव्हीवाल्यांनी सेकंदाला ५० किंवा ६० झपके ठरवले ते विजेसाठी. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं आणि तेव्हा विचारायचं कारणही नव्हतं. पण लवकरच पडद्याचं चित्रीकरण करण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. टीव्हीच्या पहिल्या काही दशकांतलं जे आज पाहायला मिळतं, त्यातलं बरंचसं या टकरीतून पार होऊन आलेलं आहे.

आवाजाने ठरवलेले चोवीस

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लुमिएर बंधूंचे चलच्चित्रपट पहिल्यांदा दाखवले गेले. तेव्हा फिल्मची गती कॅमेरामनच्या मनगटात होती. तो हाताने दांडा फिरवायचा आणि सेकंदाला साधारण १६ चित्रं निघायची. दमला की कमी, उत्साहात असला की जास्त. चित्रपटगृहातला ऑपरेटर प्रोजेक्टर आपल्या सोयीने चालवायचा आणि खेळ लवकर आटपायचा असला तर गती वाढवायचा. मूकपटात हे खपून जायचं. पडद्यावरची माणसं जरा लगबगीने चालली तर कोणाचं काही बिघडत नव्हतं.

आवाज आला आणि ही मोकळीक संपली. चित्राची गती थोडी बदलली तर डोळा सांभाळून घेतो, पण आवाजाची गती बदलली की सूर बदलतो आणि कान लगेच तक्रार करतो. १९२० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे अभियंते वॉर्नर ब्रदर्ससाठी बोलपटाची यंत्रणा जुळवत होते. चित्रपटगृहांत प्रत्यक्षात फिल्म किती वेगाने पळवतात याचा अंदाज घेऊन त्यांनी मिनिटाला ९० फूट ही गती नक्की केली. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. म्हणजे मिनिटाला १४४० आणि सेकंदाला २४. ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' झळकला आणि काही वर्षांत सारं जग याच आकड्यावर आलं. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला 'आलम आरा' आणि पुढच्या वर्षी आलेला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हे याच बोलपटाच्या युगाचे.

सेकंदाला २४ चित्रं दाखवली तर पडदा लुकलुकताना दिसतो. त्यावर प्रोजेक्टरमधल्या फिरत्या झडपेने उपाय केला. एकच चित्र पडद्यावर असताना झडप मध्येच एकदा प्रकाश अडवते, त्यामुळे प्रत्येक चित्र दोनदा उजळतं आणि डोळ्याला सेकंदाला ४८ झपके मिळतात. तेवढ्याने माणसाचं समाधान होतं.

विजेने ठरवलेले पन्नास

टीव्हीचा जन्म वेगळ्याच घरात झाला. २६ जानेवारी १९२६ रोजी जॉन लोगी बेअर्ड याने लंडनच्या सोहो भागातल्या आपल्या प्रयोगशाळेत रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांना आपला टेलिव्हिजन दाखवला. चित्र अवघ्या ३० रेषांचं होतं. दहा वर्षांनी, २ नोव्हेंबर १९३६ रोजी, बीबीसीने अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रसारण सुरू केलं तेव्हा दोन पद्धती आलटून पालटून वापरायचं ठरलं होतं. एक बेअर्डच्या कंपनीची, २४० रेषांची. दुसरी मार्कोनी-ईएमआयची, ४०५ रेषांची.

बेअर्डच्या पद्धतीतला एक प्रकार आपल्या विषयाच्या फार जवळचा आहे. स्टुडिओतला कार्यक्रम आधी फिल्मवर टिपायचा, ती फिल्म तिथल्या तिथे रसायनांच्या टाक्यांतून ओढून धुवायची आणि ओली असतानाच तिच्यावरून प्रकाशाचा ठिपका फिरवून चित्र प्रसारित करायचं. या साऱ्याला सुमारे एक मिनिट लागायचं. यंत्र अवजड होतं आणि कॅमेरा जागेवरून हलवता येत नव्हता. काही महिन्यांतच, १९३७ च्या सुरुवातीला, बेअर्डची पद्धत बंद झाली आणि आयझॅक शोनबर्गच्या नेतृत्वाखालील ईएमआयच्या चमूने घडवलेली पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक पद्धत टिकली.

या पद्धतीत पडद्यावर पूर्ण चित्र एका क्षणी कधीच नसतं. काचेच्या नळीच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो आणि पडद्याच्या आतल्या लेपावर डावीकडून उजवीकडे एक रेषा आखतो, मग तिच्या खाली पुढची. ४०५ रेषांची २५ चित्रं म्हणजे सेकंदाला १०,१२५ रेषा. झोत पुढे गेला की मागच्या रेषेचा उजेड झपाट्याने मावळतो. झोत पडद्याच्या तळाशी पोहोचतो तोवर वरचा भाग जवळपास विझलेला असतो. डोळा आधीचा उजेड थोडा वेळ धरून ठेवतो, म्हणून आपल्याला सलग चित्र दिसतं.

इथेही लुकलुकण्याचा प्रश्न होताच. त्यासाठी झोत आधी एकाआड एक रेषा आखायचा आणि मग वर जाऊन मधल्या रेषा भरायचा. अशा प्रत्येक अर्ध्या फेरीला फील्ड म्हणतात. २५ चित्रांचे ५० फील्ड झाले आणि लुकलुक आटोक्यात आली. नेमके ५० घेण्याचं कारण मात्र भिंतीतल्या विजेत होतं. युरोपात घरगुती वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. त्या काळच्या संचांत या विजेचा परिणाम चित्रावर उमटायचा आणि आडव्या सावल्या दिसायच्या. चित्राचा वेग विजेच्या वेगापेक्षा वेगळा असला तर या सावल्या पडद्यावर सरकत राहायच्या आणि नजरेला खुपायच्या. दोन्ही वेग एक केले की त्या जागच्या जागी थांबायच्या आणि सहज लक्षात येत नसत. अमेरिकेत वीज ६० हेलकाव्यांची, म्हणून १९४१ मध्ये तिथे ५२५ रेषा आणि ६० फील्ड हा मानदंड झाला.

दोन मुसळं, एक उखळ

आता या दोन गती समोरासमोर आणून पाहू. सिनेमाचा साधा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं घेतो. प्रत्येक चित्रासाठी त्याची झडप साधारण निम्मा वेळ, म्हणजे १/४८ सेकंद, उघडी असते. समोरचा टीव्ही एक फील्ड १/५० सेकंदात आखतो. १/४८ हा काळ १/५० पेक्षा जरासा मोठा आहे. त्यामुळे झडप उघडी असताना झोत पडद्याची एक पूर्ण फेरी संपवतो आणि पुढच्या फेरीतला थोडासा भागही आखतो. पडद्याच्या उंचीच्या सुमारे चोविसाव्या हिश्शाएवढ्या पट्ट्यावर प्रकाश दोनदा पडतो आणि तिथे उजळ रेघ उमटते.

पुढच्या चित्राला हीच रेघ त्याच जागी आली असती तर फारसं बिघडलं नसतं. पण दोन चित्रांमधल्या १/२४ सेकंदात टीव्हीचे दोन फील्ड पूर्ण होऊन तिसऱ्याचा बारावा हिस्सा आखून झालेला असतो. म्हणून रेघ प्रत्येक चित्राला पडद्याच्या उंचीच्या बाराव्या हिश्शाने खाली उतरते. बारा चित्रांत, म्हणजे अर्ध्या सेकंदात, ती पूर्ण पडदा ओलांडते. ४८ आणि ५० मधला फरक दोनचा, म्हणून सेकंदाला दोन फेऱ्या. झडप १/५० सेकंदापेक्षा कमी वेळ उघडी ठेवली तर उलट घडतं. पडद्याचा काही भाग आखायचाच राहतो आणि काळा पट्टा दिसतो. एका उखळात दोघी कांडत असल्या की ताल जुळेपर्यंतच काम सुरळीत चालतं. ताल किंचित चुकला की मुसळावर मुसळ आपटतं आणि तेही ठरावीक वेळाने, पुन्हा पुन्हा.

अमेरिकेत गोष्ट आणखी वाईट होती. तिथे फील्ड १/६० सेकंदाचं. १/४८ सेकंदात सव्वा फील्ड आखलं जातं, म्हणजे पडद्याचा पाव भाग दुप्पट उजळ होतो. शिवाय २४ आणि ६० चं गणित अडीच फील्डांचं, त्यामुळे हा उजळ भाग दर चित्राला अर्धा पडदा उडी मारतो. असं चित्र बघवत नाही.

टीव्ही साठवायचा कसा?

तरीही टीव्हीच्या पडद्यावरचं चित्र टिपणं भाग होतं. १९४० च्या दशकात टीव्हीचा कार्यक्रम हवेत गेला की संपला. तो साठवणारी टेप नव्हती. न्यूयॉर्कचा कार्यक्रम पश्चिम किनाऱ्यावर दाखवायचा तर देशभर जाणारी टीव्हीची जोडणी १९५१ पर्यंत झालेली नव्हती, आणि दोन्ही किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचा फरक. उपाय एकच उरला. टीव्हीसमोर फिल्मचा कॅमेरा उभा करायचा.

सप्टेंबर १९४७ मध्ये ईस्टमन कोडॅकने एनबीसी आणि ड्युमाँट या प्रसारण कंपन्यांच्या साथीने यासाठी खास १६ मिलिमीटरचा कॅमेरा पुढे आणला. त्याची युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. सेकंदाचे १२० भाग करा. एका फिल्मचित्राला असे पाच भाग मिळतात आणि एका फील्डला दोन. कॅमेऱ्याने झडप चार भाग उघडी ठेवली, म्हणजे बरोबर दोन फील्ड, एक पूर्ण चित्र. उरलेल्या एका भागात, १/१२० सेकंदात, झडप मिटायची, फिल्म एक घर पुढे ओढायची आणि तिला थरथर न होता जागेवर थांबवायचं. पण पाच भागांना दोनने पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे एका चित्रात फील्ड माथ्यापासून सुरू होतं आणि पुढच्या चित्रात मधूनच. मग पडद्याच्या मध्यावर एक सांधा येतो. झडपेचं काम केसभर जरी चुकलं तरी त्या सांध्यावर रेषा दोनदा उमटायच्या किंवा गळायच्या आणि चित्राच्या मध्यावर पट्टा दिसायचा. किनेस्कोप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या फिल्म मळकट आणि धूसर दिसत, पण त्यांच्याशिवाय देशव्यापी टीव्ही चाललाच नसता. हॉलिवूडमध्ये न्यूयॉर्कचा कार्यक्रम फिल्मवर घेऊन, धुऊन, तीन तासांत पश्चिमेच्या वेळेला दाखवला जाई.

या धूसरपणानेच एक मोठा बदल घडवला. १९५१ मध्ये 'आय लव्ह ल्यूसी' ही मालिका सुरू करताना तिचे मुख्य कलाकार ल्युसिल बॉल आणि डेझी आर्नाझ यांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं, आणि पूर्वेकडच्या मोठ्या प्रेक्षकवर्गाला किनेस्कोपचं मळकट चित्र पाठवणं प्रायोजकाला मान्य नव्हतं. मार्ग निघाला तो थेट ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रीकरण करण्याचा. छायालेखक होते कार्ल फ्रॉईंड. पडदा मधून काढून टाकल्यामुळे ही मालिका आजही लखलखीत दिसते, आणि तिच्या पुनःप्रसारणांनी टीव्हीच्या धंद्याचं गणितच बदललं.

ब्रिटनमध्ये काम तुलनेने सोपं होतं, कारण फिल्मची गती २४ वरून २५ केली की एका फिल्मचित्राला नेमके दोन फील्ड मिळतात. अडचण उरते ती फिल्म झटकन पुढे ओढण्याची. बीबीसीच्या अभियंत्यांनी त्यासाठी कधी एक फील्ड सोडून दिलं, तर कधी पडद्याचा उजेड लांबवून दोन्ही फील्ड पकडली. २ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचं प्रसारण असंच पडद्यावरून फिल्मवर घेतलं गेलं. फिल्मचे डबे रॉयल एअर फोर्सच्या कॅनबेरा विमानांनी अटलांटिकपार नेले आणि कॅनडातल्या लोकांनी तो सोहळा त्याच दिवशी पाहिला.

१४ एप्रिल १९५६ रोजी शिकागोत अँपेक्स कंपनीने दोन इंच रुंद टेपवर चित्र साठवणारं यंत्र दाखवलं. ३० नोव्हेंबरला सीबीएसने पश्चिम किनाऱ्यासाठी बातम्या टेपवरून प्रसारित केल्या. पडद्यासमोर कॅमेरा लावण्याची गरज तेव्हापासून कमी होऊ लागली, पण संपली नाही.

चंद्रावरून आलेलं चित्र

२१ जुलै १९६९ रोजी भारतात सकाळचे ८ वाजून २६ मिनिटं झाली तेव्हा नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवलं. मुंबईत तेव्हा टीव्ही केंद्र नव्हतं. इथल्या लोकांनी ती घटना रेडिओवर ऐकली आणि वर्तमानपत्रांत वाचली. ज्या देशांत ती टीव्हीवर दिसली तिथेही लोकांनी पाहिलं ते एका पडद्याचं चित्रीकरण होतं.

चांद्रयानाकडून येणाऱ्या रेडिओ लहरींत टीव्हीसाठी फार थोडी जागा शिल्लक होती. म्हणून वेस्टिंगहाउसने स्टॅन लेबार यांच्या देखरेखीखाली बनवलेला कॅमेरा ३२० रेषांची, सेकंदाला अवघी १० चित्रं पाठवत होता. घरगुती टीव्हीला हा संदेश समजणं शक्य नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन केंद्रावर आणि ऑस्ट्रेलियात आरसीए कंपनीची रूपांतर यंत्रं बसवली होती. त्यांत चंद्राचं चित्र दहा इंची पडद्यावर उमटायचं आणि त्यासमोर उभा असलेला साधा टीव्ही कॅमेरा ते टिपायचा. १० चं ६० करण्यासाठी टिपलेलं फील्ड चुंबकीय तबकडीवर साठवून पुन्हा पुन्हा वाजवलं जाई. ताल जुळवण्याची ही रीत बिनचूक होती, पण तिची किंमत मोठी होती. सावल्या काळ्याकुट्ट झाल्या, उजळ भाग पांढरेफटक पडले आणि हलणाऱ्या माणसामागे भुतासारखी छटा राहू लागली.

कॅमेरा यानाच्या कप्प्यात उलटा बसवलेला होता. गोल्डस्टोनवर चित्र सरळ करणारं बटण वेळेवर दाबलं गेलं नाही, म्हणून पहिले काही क्षण जगाला चंद्र डोक्यावर उभा दिसला. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राने मग कॅनबेराजवळच्या हनीसकल क्रीकचं चित्र घेतलं आणि पहिलं पाऊल जगाने तिथून पाहिलं. प्रसारण सुरू झाल्यापासून सुमारे नऊ मिनिटांनी ऑस्ट्रेलियातल्याच पार्क्सच्या ६४ मीटरच्या रेडिओ दुर्बिणीकडून चांगलं चित्र मिळू लागलं आणि उरलेला वेळ तेच राहिलं.

केंद्रांवरच्या मूळ पडद्यावर काय दिसत होतं, हे तिथे काढलेल्या छायाचित्रांवरून कळतं. ते चित्र प्रसारणापेक्षा कितीतरी स्वच्छ होतं. हनीसकल क्रीकचे एक तंत्रज्ञ एड फॉन रेनुआर्ड यांनी पडद्यावरून सुपर-८ फिल्म काढली होती आणि आज ती दुर्मीळ दस्तऐवज मानली जाते. मूळ संदेश नोंदवणाऱ्या टेपा नासाने अनेक वर्षं शोधल्या. २००९ मध्ये नासाने जाहीर केलं की, त्या बहुधा पुसून दुसऱ्या कामाला पुन्हा वापरल्या गेल्या. माणसाच्या सर्वांत मोठ्या प्रवासाची जी चित्रफीत आपल्याकडे उरली, ती रूपांतरानंतरची आहे.

दोषातून परत मिळालेले रंग

टेपा अशा पुसल्या जाणं बीबीसीतही घडलं. टेप महाग होती, म्हणून जुने कार्यक्रम पुसून तिच्यावर नवे घेतले जात. पण परदेशी विक्रीसाठी पडद्यावरून १६ मिलिमीटर फिल्मच्या प्रती काढलेल्या असत. 'डॉक्टर हू' या मालिकेचे हरवलेले भाग १९९१ मध्ये हाँगकाँगमध्ये आणि २०१३ मध्ये नायजेरियात सापडले ते अशा प्रतींतूनच. पुढे त्या प्रतींतल्या २५ चित्रांतून पुन्हा ५० ची सफाईदार हालचाल घडवण्याचं तंत्रही पुनर्स्थापना करणाऱ्यांनी विकसित केलं.

सर्वांत अचंबित करणारी गोष्ट रंगांची आहे. मूळ रंगीत असलेले काही कार्यक्रम कृष्णधवल प्रतीच्या रूपातच उरले होते. प्रत काढताना रंगाचा संदेश गाळायला हवा होता, तो गाळला गेला नाही. परिणामी पडद्यावर बारीक ठिपक्यांची जाळी उमटली आणि फिल्मवर टिपली गेली. अनेक वर्षं तो दोषच मानला गेला. मग काही अभियंत्यांच्या लक्षात आलं की, रंगाची माहिती त्या ठिपक्यांतच दडलेली आहे. त्यांनी ती सोडवून काढली. 'डॅड्स आर्मी' या मालिकेचा 'रूम ॲट द बॉटम' हा भाग डिसेंबर २००८ मध्ये पुन्हा रंगांत प्रसारित झाला.

आज काय उरलं?

सिनेमावाले या सगळ्यात आपापल्या वाटा काढत होते. दिग्दर्शक कुब्रिकने '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटात यानातल्या पडद्यांवर टीव्ही वापरलाच नाही, मागून १६ मिलिमीटर फिल्म टाकली. पुढे हॉलिवूडने सेकंदाला २४ चित्रं दाखवणारे खास टीव्ही बनवून घेतले. ५० च्या देशांत दृश्यात टीव्ही असला की कॅमेरा २५ वर चालवायचा, किंवा झडप नेमकी १/५० सेकंद उघडी राहील अशी लावायची, हे छायालेखकांचं नेहमीचं काम झालं.

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते ६२५ रेषा आणि ५० फील्ड घेऊन. २४ च्या गतीने चित्रित झालेला सिनेमा अशा टीव्हीवर २५ च्या गतीने चालवतात. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी घरोघरी पाहिला जाणारा अडीच तासांचा मराठी चित्रपट चित्रपटगृहापेक्षा सहा मिनिटं आधी संपायचा आणि त्यातली गाणी किंचित चढ्या पट्टीत ऐकू यायची. आवाजासाठी पक्की केलेली गती विजेने बदलून टाकली होती.

नळीचे टीव्ही गेले. आजच्या सपाट पडद्यावर झोत फिरत नाही, चित्र जागेवर थांबतं. पण मागचा एलईडी प्रकाश अनेकदा वेगाने चालू-बंद होत असतो आणि मोबाइलचा कॅमेरा चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो. पूर्वी रेषा आखणारा पडदा होता, आता रेषा वाचणारा कॅमेरा आहे. पट्टे म्हणूनच येत राहतात. 'द मँडलोरियन' सारख्या मालिकांनी पार्श्वभूमीला एलईडीच्या भिंती वापरायला सुरुवात केल्यावर कॅमेरा आणि भिंत एकाच घड्याळाला बांधण्याचं काम पुन्हा मोलाचं झालं. मोबाइलच्या चित्रीकरणात मिळणारे २४, २५, ३० आणि ६० हे पर्याय अजूनही त्याच जुन्या निर्णयांचे आहेत.

या इतिहासातून घेण्यासारखी एक गोष्ट आपल्या घरांशी संबंधित आहे. लग्नाच्या, मुंजीच्या, नाटकाच्या तालमींच्या व्हीएचएस कॅसेटी अजून अनेक कपाटांत आहेत. त्या टीव्हीवर लावून मोबाइलने टिपून घ्याव्यात आणि मूळ कॅसेट टाकून द्यावी, असा मोह सोपा आहे. नासाच्या आणि बीबीसीच्या निष्णात अभियंत्यांनी उत्तमातली उत्तम यंत्रं पडद्यासमोर लावली, तरी प्रत्येक वेळी चित्रातलं काहीतरी कायमचं गेलं. व्हीसीआरच्या मागच्या वायरीतून संदेश थेट संगणकात घेणारं साधन आज सहज मिळतं. कॅसेट चालत आहे, व्हीसीआर शाबूत आहे, तोवर ते करून घ्यावं. आणि कॅसेटही जपून ठेवावी. तिच्यातून आणखी काय वाचता येईल, हे पुढच्या पिढीतल्या अभियंत्यांना आपल्यापेक्षा जास्त कळेल.